माक्याचं तेल घरी: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

काम साधं आहे. ओल्या माक्याचा, म्हणजे भृंगराजाचा, रस काढायचा, खोबरेल तेलात आटवायचा आणि केसांना लावायला वर्षभर टिकेल असं अर्धा लिटर तेल गाळून घ्यायचं. भुकटी वापरायची नाही. भुकटीचं तेल गेल्या वर्षी करून पाहिलं होतं. रंग बरा आला, पण वास गवताच्या गंजीचा, आणि तळाला इतका बारीक गाळ की कुठल्याच फडक्यात अडकेना.

आज नुसता माका गोळा केला. भोरकडे ओळखीच्यांची भातखाचरं आहेत, तिथे बांधावर हा ढीगभर उगवतो. तण म्हणून उपटूनच टाकतात, त्यामुळे मालकाची हरकत नसते. पण तण आलं की तणनाशकही आलं, म्हणून आधी विचारलं आणि फवारा न मारलेल्या बाजूचाच घेतला. शहरात गटाराच्या तोंडाशी, नाल्याच्या कडेला माका झकास वाढतो. तो कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नका. तिथल्या पाण्यात काय काय असतं ते झाडही पितं.

ओळखताना गफलत दोन झाडांशी होते. एक म्हणजे रस्त्याच्या दुभाजकांवर लावलेली चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेल. पुष्कळ जण तीच माका म्हणून दाखवतात. दुसरी एकदांडी, म्हणजे आपला दगडी पाला. तिचं फूल लांबलचक उघड्या दांडीवर एकटंच उभं असतं आणि मधोमध पिवळं असतं. माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणाहूनही लहान, पानाच्या बगलेत येतं. पानं समोरासमोर, अरुंद, हाताला खरखरीत लागतात. तरी शंका असेल तर देठ मोडून पांढऱ्या कागदावर घासा. माक्याचा रस आधी हिरवा दिसतो आणि बघता बघता काळपट होतो. माझ्या बोटांचे डाग साबणाने गेले नाहीत. सोमवारी ऑफिसात तसेच घेऊन जावे लागणार.

मुळं छाटून साडेचार किलो पाला भरला.

१३ जुलै, रविवार

धुणं हेच मोठं काम निघालं. खाचरातला चिखल पानांच्या लवेत धरून बसतो. नळाखाली धरून भागत नाही. टबात बुडवून खळबळायचं, वर तरंगलेला पाला काढून घ्यायचा, तळाची माती ओतून द्यायची, आणि पाणी नितळ दिसेस्तोवर हेच करत राहायचं. सकाळ यातच गेली.

मिक्सरमध्ये पाण्याशिवाय वाटला जात नाही. देठांचे दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटार तापते. आमच्या मिक्सरने जळका वास सोडल्यावर थांबलो. विळीवर बारीक चिरून, थोडं थोडं पाणी घालून वाटल्यावर जमलं. सुती पंच्यात घालून दोघांनी दोन टोकांनी पिळला. एकट्याने पिळला तर निम्मा रस चोथ्यात राहतो. धुतल्यावर पाल्याला राहिलेलं आणि वाटतानाचं पाणी धरून दोन लिटर रस मिळाला.

प्रमाण शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं धरलं आहे: तेल एक भाग, रस चार भाग, आणि रसावर तेल सिद्ध करायचं असेल तर कल्क, म्हणजे ओला वाटलेला लगदा, तेलाच्या आठवा हिस्सा. म्हणून अर्धा लिटर तेलाला दोन लिटर रस आणि साठ-पासष्ट ग्रॅम लगदा. हल्ली सांगितल्या जाणाऱ्या कृतींत ‘मूठभर पाला तेलात तळून घ्या’ असतं. त्याने तेल हिरवं होतं, एवढंच.

तेल लाकडी घाण्यावरचं खोबरेल, ३१० रुपये अर्धा लिटर. यंदा खोबरं महाग आहे.

१३ जुलै, रात्री

लोखंडी कढईत सुरुवात केली आणि पहिल्या उकळीलाच हिरवा फेस काठावरून खाली आला. थेट बर्नरवर. ओट्यावरून तेल पुसून काढेपर्यंत अर्धा तास गेला. अडीच लिटर ऐवज असेल तर भांडं किमान सहा लिटरचं घ्या. रसातलं पाणी जड म्हणून तेलाखाली बसतं, तळाला वाफ धरते आणि मग एकदम उसळी मारते. मोठ्या पातेल्यात काढल्यावर सगळं निवळलं.

अकरा वाजले तरी पाणी निम्मंही आटलेलं नव्हतं. तेल करण्याचं काम एका दिवसात संपवू नये असं जुन्या ग्रंथांत सांगितलेलंच आहे, तेव्हा बिनदिक्कत गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि झोपलो.

१४ जुलै

सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास. वर तेलाचा थर, खाली कोमट रस, हवा दमट, झाकण घट्ट. आंबायला याहून सोयीची जागा कुठली? उकळून पाहिलं, पण आंबटपणा गेला नाही. तेल आणि रस दोन्ही ओतून दिले.

दोन दिवसांत करणाऱ्यांनी एवढं पाळा. झोपण्यापूर्वी पूर्ण उकळी आणायची, झाकणाऐवजी कोरडं फडकं बांधायचं, आणि पहाटे उठून लगेच गॅस लावायचा. पावसाळ्यात तेवढाही भरवसा मला वाटत नाही. सकाळी लवकर बसून त्याच दिवशी उरकलेलं बरं. ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या चुलीतला विस्तव रात्रभर धुमसत असावा. आपला गॅस बंद म्हणजे बंद.

१९ जुलै, शनिवार

या खेपेला दोन बदल केले. तळणीचा थर्मामीटर आणला (३५० रुपये) आणि जास्वंदीची पानं लगद्यात घातली. थर्मामीटर कामाला आला. जास्वंद अंगाशी आली.

जास्वंदीच्या पानांना बुळबुळीत चिकट रस असतो. डोक्याला नुसती वाटून लावली तर तोच उपयोगी पडतो. तेलात मात्र त्या चिकटपणात पाणी धरून राहतं. लगदा तळाशी जाडसर बसला, उलथन्याने खरवडत राहावं लागलं, आणि तेल तयार झालं का हे बोटाने कळेना, कारण लगदा शेवटपर्यंत चिकटच लागत होता. मेथीचे दाणे घालणाऱ्यांनाही हाच त्रास होणार. जास्वंद हवीच असेल तर फुलांच्या पाकळ्या सावलीत कडक वाळवून शेवटी घाला.

थर्मामीटरने जे दाखवलं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. भांड्यात पाणी आहे तोवर पारा हलतच नाही. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मिश्रणही तिथेच, फार तर दोन-चार अंश वर, तासन्‌तास बसून राहिलं. आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये. मग पाणी संपलं, तशी पाऱ्याने उडी घेतली. १०५, ११०, १२०. मी गाळायचं फडकं शोधायला आतल्या खोलीत गेलो होतो. परत येईस्तोवर १५० च्या पुढे गेलेलं, लगदा कोळशासारखा काळा आणि घरभर करपलेला वास.

लगदा कडक झालेल्या तेलाला खरपाक म्हणतात. तो अंगाला चोळायला चालतो. जळलेलं मात्र कशालाच चालत नाही. तेही गेलं. दोन्ही खेपा मिळून तेलाचेच ६२० रुपये.

फडकं, गाळणी, बरणी, सगळं आधी हाताशी ठेवा. शेवटची दहा मिनिटं भांड्यासमोरून हलायचं नाही.

२७ जुलै, रविवार

भोरहून आत्या आली होती. तिला थर्मामीटर दाखवला, तर तिने तो बाजूला ठेवून दिला. म्हणाली, “अरे, तेलाकडे काय बघत बसलास? कान दे.”

आज तिच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. नुसता माका, बाकी काही नाही. भांडं जाड बुडाचं स्टीलचं. कल्हईचं पितळी पातेलं तिला जास्त पसंत होतं, पण आमच्याकडच्याची कल्हई कधीच उडाली आहे आणि कल्हईवाला आता फिरकत नाही. बिनकल्हईच्या पितळेत रस आटवणं नको, तांबं तेलात उतरतं. गॅस बारीक, उलथनं सपाट टोकाचं लाकडी, तळ सतत खरवडत.

आवाज तीन प्रकारचे. सुरुवातीला नेहमीची खळखळ. पाणी थोडं उरलं की बुडबुडे बारीक होतात आणि पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा सलग चरचराट सुरू होतो. मग तो विरळ होत जातो आणि शेवटी एकेक टिचकी तेवढी ऐकू येते. या विरळ आवाजाच्या वेळी आत्याने लगदा उलथन्यावर घेतला, फुंकर मारली आणि अंगठा-तर्जनीत वळला. आधी तो पसरला. पाच मिनिटांनी पुन्हा वळला, तर वात झाली, न तुटता, आणि बोटाला चिकटली नाही. मग तीच वात तिने गॅसच्या ज्योतीत धरली. चट्‌ असा एकच आवाज आला. “अजून आहे पाणी,” म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा धरली, ती मुकाट जळली. गॅस बंद.

मी चोरून थर्मामीटर बुडवला होता. ११२ दाखवत होता. गॅस बंद केल्यावरही जाड बूड उष्णता देत राहतं आणि पारा चढून ११८ वर थांबला. म्हणजे आवाजही खरा, पाराही खरा. एकटं काम करणाऱ्याने ११० ला लगद्याची वात करून पाहायला लागावं.

तयार होताना तेलावर बारीक फेस येतो, ही तेलाची खूण. तुपाचं उलट, तिथे फेस बसला की तूप झालं. मी तुपाच्या सवयीने फेस जायची वाट पाहत बसलो असतो तर पुन्हा करपलं असतं.

गाळणं कोमट असताना. फार गरम तेल फडक्यातून बारीक गाळही खाली नेतं, फार गार झालं तर लगद्यात अडकून बसतं. आधी आपसूक निथळेल तेवढं एका बरणीत. मग फडकं पिळून निघालेलं दुसऱ्या बरणीत, कारण पिळलेल्यात गाळ असतो आणि तेच आधी खराब होतं. अर्ध्या लिटरातून निथळलेलं ३४० मिलि आणि पिळलेलं ७० मिलि निघालं. बाकीचं लगद्यात आणि भांड्याला. लगदा टाकू नका. आंघोळीच्या आधी डोक्याला चोळून धुऊन टाकला, तर त्यातलंही तेल कामी येतं.

सकाळी सातला रस काढायला घेतला होता, दुपारी साडेतीनला बरणी भरली.

३ ऑगस्ट

बरणी आठवडाभर न हलवता ठेवली होती. वरचं नितळ तेल बाटल्यांत भरलं, तळाचं बोटभर गढूळ तेल पिळलेल्यात ओतलं. बाटल्यांपैकी एक नुसती पुसून घेतली होती, बाकीच्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या केल्या होत्या. पावसाळ्यात उन्हात वाळवणं विसरा. काचेची बाटली तापल्या तव्यावर थेट ठेवली तर तडकते. तवा गार असताना फडकं अंथरून त्यावर आडवी ठेवा आणि मग गॅस लावा.

रंग सुरेख गडद हिरवा आहे. उजेडात ठेवलं की हा हिरवेपणा मातकट होत जातो, म्हणून गडद रंगाच्या बाटल्या किंवा कपाट. उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात आणि निघत नाहीत. जुना अभ्रा वेगळा काढून ठेवा, नाहीतर घरात भांडण ठरलेलं.

१० ऑगस्ट

पुसून घेतलेल्या बाटलीच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसतोय आणि त्यावर पांढुरका पापुद्रा. आठवड्यात. कोरड्या बाटल्या ठणठणीत. तेल बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा माका नसतो, तेलही नसतं, पाणी असतं. ओलं बोट बाटलीत घालणं हेही त्यातलंच. लागेल तेवढं वाटीत काढून घ्यावं.

हिशेब करून टाकतो. जमलेल्या खेपेला तेल ३१० रुपये. गॅस अर्धा किलोच्या आसपास, साडेआठशेच्या सिलिंडरच्या हिशेबाने तीस रुपये. माका फुकट, पण भोरला जायचं-यायचं पेट्रोल ३५० रुपये. आत्याकडे जाणं होतंच म्हणून ते निम्मं धरलं तरी चारशे मिलि तेलाला पाचशेच्या वर गेले, आणि फेकलेल्या दोन खेपा यात धरलेल्या नाहीत. स्वस्त पडतं म्हणून करणार असाल तर करू नका.

१७ ऑगस्ट

घरात सर्दीची साथ आहे, म्हणून मधेच एक छोटं काम. वाटीभर खोबरेल कोमट करून, गॅसवरून खाली उतरवून त्यात कापराचे दोन खडे विरघळवले. कापूर पेट घेतो, म्हणून आचेवर घालायचा नाही. छातीला-पाठीला चोळायला बरं वाटतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते कापराच्या गार झोंबण्यामुळे. सर्दी तिच्या वेळेलाच जाते. लहान बाळाला हे लावू नका, नाकाजवळ तर नकोच, आणि वाटी उघडी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. बाळासाठी आमच्याकडे तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवतात. आधी आपल्या गालाला लावून ऊब पाहायची.

२४ ऑगस्ट

शेजाऱ्यांना आणि ऑफिसात थोडं थोडं वाटलं होतं. आता ‘केस येतात का?’ हा प्रश्न रोज येतोय, तर एकदाच लिहून ठेवतो.

माझ्या भांगाची रुंदी होती तेवढीच आहे. केस मऊ झालेत, विंचरताना कमी तुटतात, चोळून घेतल्यावर झोप बरी लागते. यातलं पहिलं बरंचसं खोबरेलाचं श्रेय असावं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नव्हतं. तो परिणाम असलेल्या केसावर. नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही. आत्याचे केस साठीतही दाट आहेत. तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, त्याच घरात तेच तेल लावून चाळिशीत टकले झाले.

बहिणीला कोंडा आहे. तिने आठवडाभर लावलं आणि खाज वाढली. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते, त्यामुळे रात्रभर तेल मुरवत ठेवणं कोंड्याला उलटच पडतं. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला तेल बंद करून किटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशी मारणारा, शाम्पू दिला. आता ठीक आहे. कोंडा, चट्टे किंवा एकदम झुपक्याने केस जाणं, यातलं काही असेल तर हे तेल तुमचं काम नाही. बाकीच्यांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावं.

दोघातिघांनी विकत मागितलं. नाही म्हटलं. विकायला परवाना लागतो, स्वयंपाकघरातलं उत्पादन तसं विकता येत नाही. बाटलीवर ‘टक्कल घालवा’ लिहिणं तर दूरच. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये, म्हणजे बरे करण्याचा दावा करता येत नाही अशा आजारांच्या यादीत, टक्कल आणि अकाली केस पांढरे होणं दोन्ही आहेत. जाहिराती बघताना ही यादी आठवली की करमणूक होते.

१४ सप्टेंबर

तेल लावलं तर काढायलाही हवं. शिकेकाईच्या शेंगा ठेचून, चार रिठे बिया काढून, मूठभर आवळकाठी, सगळं रात्री भिजवून सकाळी उकळलं. लोखंडी कढईत उकळलं तर आवळ्यामुळे पाणी शाईसारखं काळं होतं. नुकसान काही नाही, पण बाथरूमच्या फरशीवर डाग राहतात. हा काढा बाहेर दोन दिवसांत आंबतो. भुकटी करून ठेवलेली बरी, मात्र दळताना तोंडाला फडकं बांधा, नाहीतर शिंकून जीव जातो. डोळ्यात गेलं की काय होतं ते ज्याच्या लहानपणी आजीने न्हाऊ घातलंय त्याला सांगायला नको.

सुवासासाठी तेलात जटामांसी घालावी असं सगळे सांगतात. मी घातली नाही. हिमालयातली ही वनस्पती मुळासकट उपटूनच मिळते आणि आता ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून गव्हला-कचोरा आणि वाळा हे सुगंधी जिन्नस आणले, जाडसर कुटून पुरचुंडी बांधली आणि गाळलेल्या कोमट तेलात दोन दिवस ठेवली. वास मंद येतो, दिवाळीच्या उटण्याची आठवण करून देणारा.

५ ऑक्टोबर, रविवार

तेलाला विश्रांती, हात दुसरीकडे. शतधौत घृत, म्हणजे शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप. टाचांच्या भेगांसाठी.

तांब्याची परात, पाव किलो गायीचं तूप, गार पाणी आणि तळहात. तुपात पाणी घालायचं, तळव्याने गोल फेसत राहायचं, पाणी सुटलं की ओतून नवं घालायचं. तूप वितळलेलं असेल तर काहीच होत नाही, पाण्यावर नुसते डोळे तरंगतात. माझं तसंच झालं, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार. फ्रिजमधलं पाणी घेतल्यावर तूप धरायला लागलं. आधी पिवळं रवाळ, मग फिकट, मग रवा मोडतो. त्यानंतर ते पाणी पोटात घेऊन फुगायला लागतं. पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं, तुपाचा वास जवळजवळ गेलेला. बोटावर घेतलं तर तेलकट न लागता गार लागतं आणि जिरून जातं. हे शेवटचं रूप येईपर्यंत मनगट भरून येतं. घरातल्या प्रत्येकाला आळीपाळीने बसवा, आणि पाणी मोजायला पोरांना लावा.

परातीत ठेवून देऊ नका. सकाळपर्यंत कडेला हिरवट झाक आली होती, तांबं उतरलं. तेवढं खरवडून टाकलं, बाकीचं काचेच्या बरणीत, दाबून पाणी काढून, फ्रिजमध्ये. पाणी राहिलं की इथेही बुरशी.

भाजल्यावर लावतात म्हणून याची ख्याती आहे. ताज्या भाजलेल्यावर तूप लावू नका, हेही नाही आणि साधंही नाही. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, फोड मोठा असेल तर दवाखाना. टाचांना मात्र रात्री लावून मोजे घातले की आठवड्यात फरक दिसला. बायकोने मागितलेली ही पहिली वस्तू. तेलाला ती अजून नावं ठेवते, अभ्र्यांमुळे.

२३ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली आणि बाटलीतलं तेल गोठलं. खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, त्यात बिघाड काही नाही. अडचण अशी की अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते निघत नाही आणि मग रोज सगळी बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. रोजच्या तापण्या-गोठण्याने तेल लवकर जुनं होतं, शिवाय बुचातून पाणी आत जायची भीती. रुंद तोंडाच्या बरणीतून कोरड्या चमच्याने काढणं बरं.

दसऱ्यानंतर, माका फुलांनी लदलेला असताना, आणखी एक खेप केली होती. तीत चौथा हिस्सा तिळाचं तेल घातलं. ते आजही कडक झालेलं नाही, लोण्याइतपत मऊच गोठलंय, आणि वासाला ताजं. तीळतेल मुळातच लवकर खवट होत नाही. वास थोडा उग्र आहे, कोणाला आवडणार नाही.

त्याच दिवशी थोडं तेल मुद्दाम लोखंडी कढईत करून ठेवलं होतं, कारण ‘लोखंडातलं तेल केस काळे करतं’ असं इतक्या जणांनी सांगितलं. तेल काळपट झालं खरं, केस नाही. आणि आता दीड महिन्यातच त्या बाटलीला खवट वास सुटलाय, तर स्टीलमधल्या बाटल्या त्याच कपाटात तशाच चांगल्या आहेत. लोखंडाचा अंश तेलात उतरला की ते खवट व्हायला वेळ लागत नाही. ती बाटली भोरला पाठवली, कोयत्यांना आणि दाराच्या बिजागऱ्यांना लावायला.